काळ्या क्रूसाची चिठ्ठी

व्होर्कुता, २४ नोव्हेंबर १९९८

पोक्रोव्का इथल्या चर्चच्या मंडळींना,

स.न.वि.वि.

तुमची माझी ओळख नाही. आमच्या इथल्या एका बाईकडून कळलं की तुमच्या चर्चच्या बायका नदीपलीकडच्या ओसिनोव्का गावात जातात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना लाकडं फोडून देतात, पाणी भरतात. त्या गावात अग्राफेना इओनोव्हना नावाच्या बाई राहायच्या. शेवटून दुसरं घर, दाराशी लाल फळांचं रोवन झाड. वय आता चौऱ्याऐंशी असेल.

त्या जिवंत आहेत का, एवढंच कळवा. मी त्यांची मुलगी. अकरा वर्षं आमचा पत्रव्यवहार नाही. मी विचारलं हे त्यांना सांगू नका, ही विनंती.

वर इस्पितळाचा पत्ता दिला आहे. मी सध्या इथेच असते.

झिनाइदा साव्हेल्येव्हना


पोक्रोव्का, १२ डिसेंबर १९९८

झिनाइदा साव्हेल्येव्हना,

अहो बाई! तुमचं पत्र मी चर्चच्या पायरीवर उभ्या उभ्या फोडलं आणि मटकन खाली बसले, बर्फातच. लोक म्हणाले, तायसिया ल्वोव्हना घसरली. घसरले नव्हते, तुमचं नाव वाचलं होतं.

तुमची आई जिवंत आहे. हे आधी वाचा, दोनदा वाचा, मग पुढे जा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र शाबूत आहे. परवाच मला म्हणाली, "लाकडं फोडतेस की त्यांची समजूत काढतेस?" मी एकसष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं पोस्टात टपाल वाटलं, माझ्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती. पण तुमच्या आईपुढे, आमच्या ग्रुन्यामावशीपुढे, मी गप्प.

आता जे लिहिते ते लिहावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मला पोटात ठेवता येत नाही, त्याला काय करू. तुम्ही खाणीच्या गावातल्या, चर्चचं तुम्हांला कितपत ठाऊक कोण जाणे, म्हणून सांगते. आमच्याकडे चिठ्ठ्या दोन. लाल क्रूसाची जिवंतांच्या तब्येतीसाठी, काळ्या क्रूसाची गेलेल्यांच्या शांतीसाठी. त्यावर नावं लिहून मेणबत्त्यांच्या खिडकीत द्यायची, पाद्रीबाबा ती प्रार्थनेत वाचतात. मावशी चालत चर्चला येऊ शकत नाही, म्हणून तिच्या चिठ्ठ्या मी आणते. दिसत नाही तरी नावं स्वतःच लिहिते, ढेकळाएवढी अक्षरं, चाचपत. आणि तीन हिवाळे झाले, काळ्या क्रूसाच्या चिठ्ठीवर तिच्या नवऱ्याच्या, साव्हेलीच्या, खाली नाव असतं झिनाइदा.

मी समजले होते मुलगी वारली. कुणाला विचारायचं असतं का असं? मी तुमच्या नावानं तीन वर्षं मेणबत्त्या लावल्या हो. गेल्या ईस्टरनंतर तर तुमच्यासाठी रडलेसुद्धा. आणि तुम्ही व्होर्कुताच्या इस्पितळात नोकरी करताय!

का लिहिते ती असं, मला माहीत नाही. विचारू का? तुम्ही सांगितल्याशिवाय विचारणार नाही.

तायसिया ल्वोव्हना


व्होर्कुता, ३ जानेवारी १९९९

तायसिया ल्वोव्हना,

विचारू नका. मला माहीत आहे.

मी सत्तर साली इथे आले ते एका लग्न झालेल्या माणसाच्या मागे. निघताना आई म्हणाली होती, "त्याच्याबरोबर गेलीस तर मला मेलीस." तरी पत्रं चालायची, बाबा लिहायचे. सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये बाबा गेल्याची तार आली. मी तीन गाड्या बदलून पोचले तर नदीवरचं बर्फ फुटलेलं. होडी घालायला कुणी तयार होईना. पलीकडच्या काठावर आई उभी होती. तो काळा रुमाल मी कुठेही ओळखेन. मी गळ्यातली लाल शाल काढून हलवली, ओरडले. ती सरळ माझ्याकडे बघत होती, बराच वेळ. मग तिनं पाठ फिरवली आणि चढण चढून घरी गेली. मी दोन दिवस काठावर काढले. ती पुन्हा आली नाही. मग मी परतले.

त्या माणसानंही मला केव्हाच सोडलं होतं. ते तिला सांगायचं होतं.

तेव्हा आता कळलं. तिनं शब्द खरा केला, तोही लिहून. ठीक आहे. तुम्ही मेणबत्त्या लावल्यात त्याबद्दल आभारी आहे, वाया जाणार नाहीत. पुन्हा लिहायची तसदी घेऊ नका. फक्त तिच्याकडे ऊब आहे ना, लाकडं पुरतील ना, तेवढं एका ओळीत कळवलंत तर बरं.

झिनाइदा


पोक्रोव्का, २१ जानेवारी १९९९

झिना,

रागवायचं तर रागवा. मी विचारलं. तुम्ही नको म्हणालात आणि मी विचारलं, अशीच आहे मी. आणि यापुढे मी तुम्हांला 'तुम्ही' म्हणणार नाही, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान आहेस.

मंगळवारी उणे चौतीस होतं. गोठलेल्या नदीवरून स्लेज ओढत गेले, मिशा असत्या तर गोठल्या असत्या. चर्चमधलं जलाशीर्वादाचं पाणी तिघी म्हाताऱ्यांना वाटलं. मावशीकडे शेवटी गेले. चूल पेटवली, तिचे पाय धुतले, लापशी केली. मग म्हटलं, "मावशी, झिनाइदा कधी वारली गं?"

ती म्हणाली, "कोण वारली?"

"अगं, चिठ्ठीवर लिहितेस ती."

"वारेल तुझी जीभ!" असा आवाज चढवला की मांजर उठून पळालं. मग हळूच सांगितलं. शेजारची मात्र्योना, ती आता नाही, तिनं शिकवलं म्हणे. परागंदा झालेल्या माणसाचं नाव मेलेल्यांत घालून प्रार्थना करवली की त्याच्या जिवाला हुरहुर लागते, जिथे असेल तिथून उठून घरी येतं. आमच्या बायका करतात असलं, पाद्रीबाबा कानीकपाळी ओरडतात तरी करतात. "पत्ता हरवला, डोळे नाहीत," म्हणाली, "पत्र कुठे लिहू? म्हणून देवालाच तिला ओढायला लावलं." कळलं का तुला? तुला पुरत नव्हती गं ती. बोलावत होती.

आणि तो काठ. मी विचारलं, साव्हेलीकाका गेले तेव्हा झिना आली होती ना? म्हणाली, "नाही आली. तार गेल्यावर मी दोन दिवस काठावर जाऊन बघत होते, मग पायच चालेनात." मी म्हटलं, लाल शाल हलवत होती ती. मावशी कितीतरी वेळ हातातला चमचा फिरवत राहिली. "लाल काहीतरी हललं होतं खरं," म्हणाली. "मे दिन जवळ आला होता. मला वाटलं, पलीकडे मिरवणुकीचे झेंडे लावताहेत." तेव्हाच तिचे डोळे गेले होते, झिना. तुला ठाऊक नव्हतं आणि तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं की तुझं पत्र आलंय. बाई गं, काय सांगू! आधी हसली. म्हणाली, "लागली की नाही हुरहुर?" आणि मग तिचा चेहराच उतरला. "तायसिया, मी माझ्या हातानं तिला तीन वर्षं पुरत होते. त्या चिठ्ठीनं काही बाधलं तर?" मला लापशीसुद्धा खाऊ देईना, आत्ताच्या आत्ता परत जा आणि नाव बदल म्हणाली. लाल क्रूसाच्या चिठ्ठीवर स्वतः लिहिलं, पहिलं नाव तुझं, अर्ध्या कागदाएवढं.

पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, कागदानं कुणी मरत नाही, मूर्खपणा मात्र होता. मेणबत्त्यांच्या खिडकीतली क्लावदिया मला म्हणते, "ही तर मेलेली होती ना? मेलेल्याला कसली तब्येत मागता? तुमचं एकदा काय ते ठरवा." मी म्हटलं, तू चिठ्ठी घे आणि गप्प बस.

नदीवरचं बर्फ एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत टिकतं. त्यानंतर महिनाभर गाव तुटतं, ते तुला मी सांगायला नको. तिची छाती फार घरघरतेय, पुढचा हिवाळा काढेल असं मला वाटत नाही. रजा मिळत असेल तर मार्चमध्ये ये. स्टेशनवर मी उभी राहीन, स्लेज घेऊन.

तुझी तायसियाताई


व्होर्कुता, ८ फेब्रुवारी १९९९

तायसियाताई,

सोबत दुसरा कागद आईसाठी आहे, तो तिला वाचून दाखवा. हा तुमच्यासाठी.

मी इस्पितळात नोकरी करत नाही. मी इथे पडून आहे, ऑक्टोबरपासून. फुप्फुसं. मी खाणीत नव्हते, कोळसा चाळायच्या पट्ट्यावर होते, पण धूळ तीच. डॉक्टर भला माणूस आहे, खोटं बोलता येत नाही त्याला. मी विचारलं, मार्चमध्ये प्रवास जमेल का? तो खिडकीबाहेर बघायला लागला.

म्हणूनच तेव्हा लिहिलं होतं, आई आहे का म्हणून. मला वाटायचं, ती आधी गेली असेल तर बरं.

तुमचं पत्र उशीखाली आहे. झेंडा वाटला तिला. मी अकरा वर्षं त्या पाठीवर रागावून काढली हो, आणि तिला झेंडा वाटला. परवा शेजारच्या खाटेवरच्या राइसाला सांगितलं तर ती रडली. मला हसूच आलं, मग खोकला आला, मग तेही थांबलं.

आईला यातलं काही कळता कामा नये. दुखण्याचं कळलं तर ती म्हणेल, चिठ्ठीनं केलं. उरलेले दिवस तिला ते घेऊन काढायला नकोत. तुमच्या पोटात राहत नाही म्हणता. हे ठेवा. पाया पडते.

झिना

(दुसरा कागद)

आई,

तो झेंडा नव्हता. मी होते.

सरपण कोरडं बघून घेत जा, ओलं जळत नाही आणि घरभर धूर करतं. कोबी खारवताना शोपा घालतेस का अजून? इथे मिळतो त्या कोबीला चव नसते. बाबांच्या कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला होता, कुणाकडून तरी पाचर मारून घे, नाहीतर त्या तायसियाबाईंच्या डोक्यात बसेल.

बर्फ जायच्या आत यायचं बघते.

झिना


पोक्रोव्का, २४ फेब्रुवारी १९९९

झिना, पोरी,

काय लिहू? दोन कागद फाडले. मला वाटलं होतं तू पांढरा कोट घालून हिंडतेस. तीस वर्षं पाकिटावरचा पत्ता बघून मी घरात काय चाललंय ते ओळखायचे, आणि इथे पत्त्यावर इस्पितळ लिहिलेलं असून मला कळलं नाही. माझी अक्कल चरायला गेली होती.

सांगितलं नाही मी. दात आवळून बसले.

कागद वाचला. "तो झेंडा नव्हता. मी होते," इथवर आले तर तिनं माझा हात धरला. "पुन्हा वाच." सात वेळा वाचलं, झिना. पुढे जाऊच देईना. कुऱ्हाडीशी आलो तेव्हा म्हणाली, "बापावर गेलीय. दोन गोड शब्द लिहील तर शपथ." पण कागद आता तिच्या पोलक्यात आहे. काल दुसऱ्या घरच्या म्हातारीलाही मला तो वाचून दाखवायला लावला. पाचर मारून घेतली, माझं डोकं शाबूत आहे.

सोबतच्या पुडक्यात लोकरीचे मोजे आहेत. न बघता विणलेत तिनं, टाच जरा वाकडी झालीय. चार रात्री मी तिला विणताना ऐकलं, कारण थंडी इतकी होती की मी तिथेच राहिले. मधेच विचारते, "व्होर्कुताला गाडी किती दिवसांची? स्टेशनपासून ती चालत येईल का? तिचे पाय लगेच गार पडायचे." मी म्हणते, "येईल की." आणि चुलीत लाकूड सारते. शोपाही पाठवल्यात, चिमूटभर, कागदात बांधून. हुंगून तरी बघ.

मी येऊ का तिकडे? सांग. मी येते. तू नुसतं हो म्हण.

तायसियाताई


व्होर्कुता, १४ मार्च १९९९

तायसिया ल्वोव्हना,

मी राइसा, झिनाइदाच्या शेजारच्या खाटेवरची. ती अकरा तारखेला सकाळी नाश्त्याच्या वेळी गेली. त्रास फार झाला नाही. खरं सांगायचं तर झाला, पण शेवटचा तासभर नाही.

तुमचं पत्र आणि पुडकं सात तारखेला आलं होतं. मोजे तिनं लगेच घालायला लावले. म्हणाली, "मोठे झाले. आईचं नेहमीचंच, मी अजून वाढेन असं वाटतं तिला." मग काढू देईना. शोपांचा कागद उशीवर ठेवला होता. तुम्ही यायचं विचारलंत, त्यावर म्हणाली, "त्यांना लिही, तिथेच थांबा म्हणावं. लाकडं कोण फोडेल?" मी लिहायला कागद मागवला तोवर उशीर झाला.

नर्सला सांगून मोजे पायातच ठेवले. तसंच नेलं तिला. चूक झाली असेल तर माफ करा.

राइसा


पोक्रोव्का, ४ एप्रिल १९९९

प्रिय राइसा,

काही चूक झाली नाही. तुझे उपकार कसे फेडू?

ज्यानं मला चैन पडत नाही ते तुलाच लिहिते, दुसरं कुणाला लिहिणार?

पोस्टात असताना मरणाच्या तारा मी किती पोचवल्या त्याला गणती नाही. बायका दारातच विचारायच्या, "चांगली बातमी आहे ना गं?" पण मी कधी अक्षर बदललं नाही. या वेळी बदललं. तुझं पत्र आलं, मी दोन दिवस जेवले नाही आणि मग झिनाच्या नावानं एक पत्र स्वतः लिहिलं. तिला शब्द दिला होता ना. गुरुवारी नदी ओलांडली, बर्फावर आता पाणी दिसायला लागलंय. मावशीपुढे बसले आणि वाचलं. 'प्रिय आई, माझं चुकलं, मला माफ कर. तुझी रोज आठवण येते. रजा मिळत नाही म्हणून या वर्षी येता येणार नाही, पण मोजे फार सुंदर आहेत, अगदी मापाचे झाले.' वाचता वाचता मलाच भरून आलं, इतकं छान लिहिलं होतं मी गाढवीनं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. पुन्हा वाच म्हणाली नाही. पत्र मागितलंही नाही. चुलीकडे तोंड करून बसली. मी लाकडं आत आणली, पाणी भरलं, भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली.

मग म्हणाली, "तायसिया, कधी गेली ती?"

मी म्हटलं, "कोण?"

"पुरे कर," म्हणाली. "माझी झिन्का माफी मागायची नाही. चार वर्षांची असताना दुधाचं भांडं सांडलं, बापानं दिवसभर कोपऱ्यात उभी केली, तरी मागितली नाही. आणि मापाचे? मी मुद्दाम दोन बोटं मोठे विणले होते, आतून चिंध्या गुंडाळता याव्यात म्हणून."

राइसा, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या पाठीवर थोपटत होती, मला! मी सगळं सांगितलं. ऑक्टोबरपासूनचं दुखणं, कोळशाचा पट्टा, सगळं. पुन्हा पुन्हा सांगितलं की दुखणं आधीचं होतं, मावशी, चिठ्ठीचा काही संबंध नाही, पाद्रीबाबांनी सांगितलंय. ती म्हणाली, "देवाला ठाऊक." मग तुझं पत्र वाचलं. मोजे मोठे झाले म्हणाली इथवर आले, तेव्हा म्हणाली, "हे तिचं आहे." ती ओळ दोनदा वाचायला लावली. मोजे पायातच राहिले हे ऐकून मान हलवली. "लांबचा रस्ता आहे," म्हणाली. तेव्हा रडली.

निघताना नेहमीसारख्या चिठ्ठ्या मागितल्या. लाल क्रूसाच्या चिठ्ठीवर तिनं लिहिलं: तायसिया, राइसा. हो, तूही आहेस, तुझी तब्येत सुधारावी म्हणून. मग काळ्या क्रूसाचा कागद हातात घेतला. साव्हेली लिहिलं. त्याच्या खाली पेन्सिल टेकवली आणि हात तिथेच राहिला.

"तीन वर्षं जिवंतपणी लिहिलं," म्हणाली. "आता खरंच लिहायचं तर हात चालत नाही. तू लिही."

मी लिहिलं. माझं अक्षर पोस्टातलं, स्वच्छ. तिच्या ढेकळांखाली ते फार लहान दिसत होतं.

काल शनिवारी दोन्ही चिठ्ठ्या खिडकीत दिल्या. क्लावदियानं चष्मा लावला, काळ्या क्रूसाची वाचली आणि लागली बोलायला. "तायसिया ल्वोव्हना, हा काय खेळ मांडलाय? ही झिनाइदा आधी मेलेल्यांत, मग जिवंतांत, आता परत मेलेल्यांत! मी पाद्रीबाबांना काय सांगू? तुमचं एकदा काय ते ठरवा बाई."

नेहमी मी तिला चांगली सुनावते. काल म्हटलं, "ठरलं गं."

तायसिया